मेलेला माणूस उठून बसतो

तो सिनेमा विनोदी होता हे कळायला माझे केस पांढरे व्हावे लागले. देवपूरच्या आमच्या घरात तो आम्ही एका रविवारी दुपारी दार लावून पाहिला, आणि खरोखरच्या खुनाची गोष्ट पाहावी तसा पाहिला. श्वास रोखून, एकमेकांकडे तिरक्या डोळ्यांनी बघत. कोणी हसलं नाही. निदान इतकी वर्षं मी तसंच धरून चालले होते.

त्याचं नाव मला तेव्हाही कळलं नव्हतं. परवा मुलीला सहज म्हटलं, एक जुना इंग्रजी सिनेमा होता, काळा-पांढरा, त्यात एक डिटेक्टिव्ह पोपटाची जबानी घेतो. तिने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं आणि चहा गार व्हायच्या आत तो सिनेमा आमच्या जळगावातल्या, पिंप्राळ्याच्या घरातल्या टीव्हीवर हजर. इतक्या सहज सापडलेल्या गोष्टीवर माझा विश्वास बसत नाही. हाच तो कशावरून, असं मी विचारलं. "बघ की मग," ती म्हणाली आणि स्कूटर काढून बाजारात गेली. शालू आत्या आमच्याकडेच होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा लावून पलंगावर बसलेली. चष्म्यामागे तिचे डोळे उघडे आहेत की मिटलेले, याचा मला सकाळपासून पत्ता लागत नव्हता.

मी संशयी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. जकात नाक्यावर नोकरी केली, त्यामुळे केळीच्या ट्रकमध्ये केळीच आहेत हे मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही. आता निवृत्त झाले तरी कुरिअरवाल्याला दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी दार पूर्ण उघडत नाही. मुलगी म्हणते, आई, तू आरशातल्या बाईलाही विचारशील, कुठून आलीस म्हणून. पण हा स्वभाव मी जन्मतः घेऊन आले नव्हते. तो मला एका उन्हाळ्यात जडला, आणि त्या उन्हाळ्याच्या शेवटी हा सिनेमा होता.

आमचं घर म्हणजे एकामागे एक तीन खोल्या, पुढे ओटा, वर बिबडे-पापड वाळवायला गच्ची. पहिली खोली नानांची. नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, शाळेत इंग्रजी शिकवायचे. बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि खोलीत पुस्तकांना जागा करून उरलेल्या जागेत ते झोपायचे. मधल्या खोलीत आई-भाऊ आणि आम्ही. वडिलांना आम्ही भाऊच म्हणायचो. पाटबंधारे खात्यात कारकून, स्वभावाने गरीब, आणि आपल्या आईच्या शब्दाबाहेर न जाणारे. ही त्यांची आई म्हणजे आमची अक्का. ती मागच्या खोलीत, चुलीच्या उबेला, म्हणजेच घराच्या सत्तास्थानी. चौथी होती शालू आत्या, भाऊंची धाकटी बहीण, आमच्या गल्लीतली पहिली बी.ए. झालेली मुलगी. आणि शेवटची आली काकू. आमचे काका फौजेत होते, लग्न करून सुट्टी संपताच सीमेवर निघून गेले आणि ही नवी नवरी आमच्यात राहिली. ती रावेरकडची. तिच्या माहेराहून येणाऱ्या ट्रकमधून केळीच्या फण्या यायच्या. त्या मागच्या खोलीत खुंटीला टांगल्या की सगळं घर पिकत्या केळ्यांच्या वासाने भरून जायचं. तिची बोली आमच्या अहिराणीहून वेगळी होती. ती "मले, तुले" म्हणायची तेव्हा अक्का तोंड वाकडं करून दुसरीकडे बघायची. एका घरात राहूनही ती आमच्यात पुरती मिसळली नव्हती, आणि खरं तर आम्ही तिला मिसळू दिलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आत्याला बघायला पाहुणे यायला लागले. आमच्याकडे रविवारी विहारात वंदनेला जाणं आणि पोरीबाळींनी शिकणं या दोन गोष्टींना कोणी नाही म्हणत नव्हतं. भाऊ तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, माझी बहीण बी.ए. आहे. पण आत्याला पुढे जळगावला शिक्षिकेचा कोर्स करायचा होता, त्यावर मात्र ते म्हणायचे, "तो लग्नानंतर. ते लोक करू देतील की." आत्या पोह्यांसाठी कांदा चिरायला बसायची.

बघण्याची एक रीत होती. बाहेरच्या खोलीत पोहे-चहा झाला की मुलाकडच्या बायका मुलीला घेऊन मागच्या खोलीत जात. तिथे तिचे केस सोडून बघत, चालायला लावत, दोन शब्द बोलायला लावत. त्या वेळी मुलीच्या घरच्यांनी तिथे थांबायचं नसे. घरच्या बायका आत असल्या तर मुलीतली खोट झाकतील, असा त्यामागे संशयच होता. फक्त पाणी, सुपारी द्यायला एखादी सून आत-बाहेर करे. ते काम काकूकडे.

पहिले पाहुणे हसतमुखाने गेले आणि नकार आला. दुसरेही तसेच. आपलं नशीब, म्हणून आईने उसासा टाकला. तिसरं स्थळ भुसावळचं, मुलगा रेल्वेत, आणि त्याच्या आईने जाताना आत्याच्या गालावरून हात फिरवला होता. तिथूनही नकार आला तेव्हा मध्यस्थी करणारे आबा स्वतः ओट्यावर येऊन बसले. पाण्याचा तांब्या त्यांनी तसाच बाजूला सरकवला.

"भाऊ, राग मानू नका," ते म्हणाले. "तिन्ही ठिकाणी एकच कारण आहे. पोरीला फेफरं येतं, असं त्यांच्या कानावर गेलंय. बातमी गावातून नाही गेली. तुमच्या चुलीजवळून गेली. बाईमाणसाने सांगितलं, याच्यापुढे ते लोक काही बोलत नाहीत."

आत्याला आयुष्यात कधी साधी चक्कर आलेली नव्हती.

आबा गेल्यावर घरातला आवाजच बदलला. आधी आमच्याकडे भांडी आदळली तर कोणी बघायचं नाही. आता वाटी पडली तरी चारजणी वळून पाहायच्या. मी दाराशी उभी राहिले की आई बोलणं थांबवायची. मी शेजारणींच्या तोंडाकडे बघायला लागले, पापडाच्या लाट्या मोजून घेणाऱ्या मावशीकडे बघायला लागले, एक दिवस तर खुद्द अक्कावर पाळत ठेवली, कारण लेक गेल्यावर तिचे पाय कोण चेपणार, असा विचार तिच्या मनात आला असेल असं मला वाटलं. संशयाला एकदा घरात पाट मांडून दिला की तो कोणाच्याही ताटात जेवतो. रात्रीची खिचडीसुद्धा आम्ही एकमेकांच्या हाताकडे बघत खायचो.

अक्काला मात्र शोध घ्यायची गरज वाटली नाही. तिने निकाल दिला. "बाहेरतून कोनी नही उनं," ती म्हणाली, म्हणजे बाहेरचं कोणी आलेलंच नाही. "जी घरमा नवी शे, तीच शे. मन्ही पोरनी जिंदगी खराब करी टाकी तिनी."

काकू पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. "मी कोनाले काई नई सांगतलं," एवढंच बोलली. त्यापुढे तिने एक शब्द काढला नाही, आणि न बोलणं हाच आमच्या घरात मोठा पुरावा होता. आत-बाहेर करणारी तीच, पाहुण्यांच्या बायकांशी हळू आवाजात बोलणारी तीच, नवऱ्याशिवाय राहते म्हणून नणंदेच्या लग्नाचा हेवा करणारीही तीच. आईने ही सगळी कारणं अशी जुळवली की मलाही ती पटली. शेवटी ठरलं, सोमवारी सकाळच्या एसटीने भाऊ तिला रावेरला पोचवून येतील. "तिले तिना माहेरले धाडी द्या," अक्का म्हणाली, आणि परत आणायचं कोणी बोललं नाही. फौजेतल्या नवऱ्याला ही गोष्ट कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असणार होतं. शनिवारी संध्याकाळी काकूने आपली पत्र्याची पेटी बाहेर काढली आणि पदराने तिच्यावरची धूळ पुसली. आत्या ते बघत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. नणंदेनेही तिच्याकडे पाठ फिरवली, असं मला तेव्हा वाटलं.

आणि अशा घरात रविवारी दुपारी नाना भाड्याचा टीव्ही-व्हिडिओ घेऊन आले.

ही गोष्ट मला तेव्हाच संशयास्पद वाटायला हवी होती. आमच्या गल्लीत व्हिडिओ आला की आख्खी गल्ली घरात यायची, पोरं खिडकीच्या गजांना लटकायची आणि सिनेमा हिंदी, मारामारीचा असायचा. नानांनी इंग्रजी कॅसेट आणली, दार आतून लावून घेतलं आणि म्हणाले, "फक्त घरचे. डिटेक्टिव्ह पिक्चर आहे. बंद घरात खून होतो आणि खुनी घरातलाच असतो. सगळ्यांनी बसायचं. अक्का, तूही. मी सांगत जाईन तसं ऐका." आई म्हणाली, काय वेळ आहे का हो ही. नानांनी कॅसेट आत सरकवली. ते कधी आवाज चढवत नसत, पण त्या दिवशी त्यांच्यापुढे कोणाचं काही चाललं नाही. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. आत्या भिंतीला टेकून, ओढणी तोंडावर धरून.

सिनेमात एक अवाढव्य बंगला होता, बाहेर धुकं. मालक जेवणाच्या खोलीत टेबलाखाली मरून पडलेला. मग डिटेक्टिव्ह आला, जाडा, टकला, सतत काहीतरी चघळणारा. त्याने बागेतले पावलांचे ठसे भिंगातून बघितले आणि त्यांचा माग काढत तो बंगल्याला फेरी मारून पुन्हा तिथेच आला. आता मी ते पाहिलं तेव्हा चहा नाकातून यायचा बाकी राहिला, कारण ठसे त्याचेच होते. पण तेव्हा नाना खालच्या आवाजात म्हणाले, "बघा. खुनी पुन्हा त्याच जागी आलाय," आणि माझ्या अंगावर काटा आला. प्रेताने एकदा नाक खाजवलं. मी ते पाहिलं आणि विचारलंसुद्धा. "मेल्यावर नसा आखडतात," नाना म्हणाले. अक्काने मान डोलावली, तिने माणसं मरताना पाहिली होती. पोपटाची जबानी चालली होती तेव्हा आत्याचे खांदे हलायला लागले. ओढणी तिने तोंडात कोंबली होती आणि डोळ्यांत पाणी. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. तीन स्थळं मोडलेल्या मुलीला खुनाची गोष्ट कशाला दाखवायची, अशा अर्थाने तिने नानांकडे रागाने पाहिलं. नानांनी आत्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा पडद्याकडे तोंड वळवलं.

मग त्या बंगल्यातल्या सगळ्यांनी मिळून एका मोलकरणीकडे बोट दाखवलं. पोरगेलीशी, पांढरी टोपी घातलेली. "ही का?" भाऊंनी विचारलं. नाना म्हणाले, "ती सगळ्यांत नवीन आहे. मागच्याच आठवड्यात कामाला लागली." आमच्या खोलीतली सगळी डोकी उंबऱ्याकडे वळली. काकूला इंग्रजी काय, नानांचं मराठीही त्या क्षणी ऐकू येत नसावं. ती जमिनीवर बोटाने रेघा काढत होती.

शेवटी डिटेक्टिव्हने सगळ्यांना त्या जेवणाच्या खोलीत उभं केलं. प्रत्येकावर बोट रोखलं, आणि प्रत्येक वेळी नानांनी सांगितलं, हा नाही, ही नाही. पोलिसांनी मोलकरणीचे हात धरले. आणि टेबलाखालचा मेलेला माणूस उठून बसला.

अक्का अगं माय म्हणून मागे सरकली. डिटेक्टिव्ह त्या उठलेल्या माणसाकडे वळून बोलायला लागला. बराच वेळ बोलला, हातवारे करत. नाना खुर्चीवरून उठले, टीव्हीशेजारी उभे राहिले आणि सावकाश, आम्हाला सगळं नीट ऐकू येईल असं सांगायला लागले. मला ते शब्द आजही तोंडपाठ आहेत. "तो म्हणतोय, खून झालेलाच नाही. ज्याच्यासाठी सगळे रडत बसले, त्याने हे स्वतःच केलं. त्याला या घरातून सुटायचं होतं आणि तसं सांगायची सोय नव्हती. त्यात मी त्याचा दोष मानत नाही, असं तो म्हणतोय. पण आता एका निरपराध पोरीला घराबाहेर काढताहेत. आम्ही तिला धरलं, कारण ती नवी होती, दुसरं काही कारण नव्हतं. आम्ही कितीही हुशार असलो तरी तिला सोडवू शकणार नाही. ते काम मेलेल्यानेच उठून केलं पाहिजे, आणि आत्ताच केलं पाहिजे."

पडद्यावर संगीत सुरू झालं. मग आत्या उठली. तोंडावरची ओढणी काढून तिने ती नीट खांद्यावर घेतली.

"अक्का, मी सांगितलं," ती म्हणाली. "तिन्ही वेळा. केस बघायला माझ्याभोवती बसल्या ना, तेव्हा मुलाच्या आईच्या कानात सांगितलं, मला फेफरं येतं, तुमच्या मुलाचं नुकसान करू नका. आणि माझं नाव घेऊ नका म्हणून पाया पडले. त्यांनी नाही घेतलं. मला जळगावला जायचंय. मला शिकायचंय."

चुलीजवळ कोणकोण होतं, याचा हिशेब आम्ही सगळ्यांनी किती वेळा मांडला होता. त्यात आत्याला कोणी धरलंच नव्हतं. बघायला आलेल्या मुलीला तोंड असतं, हेच आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्यांचा फोटो भिंतीवर लावून आम्ही सकाळ-संध्याकाळ हात जोडत होतो, त्यांनी मुलींबद्दल काय सांगितलं होतं ते त्या खोलीत प्रत्येकाला पाठ होतं.

मग उंबऱ्यावरून काकूचा आवाज आला. "मले मालूम होतं. मी सुपारी घेऊन गेली, तवा ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?" भाऊ म्हणाले. ते ओरडले नाहीत. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"मी सांगतलं असतं तं तुमी इस्वास ठेवला असता का?"

अक्का उठून मागच्या खोलीत गेली, आणि थोड्या वेळाने आम्ही पाहिलं तर तिने काकूची पेटी ओढत नेऊन पुन्हा पलंगाखाली सरकवली होती. माफी मागायची तिची तीच पद्धत होती. त्या संध्याकाळी तिने स्वतःच्या हाताने डुबुक वड्यांची आमटी केली आणि पहिली वाटी काकूपुढे ठेवली. काकूने ती खाल्ली, पण लगेच नाही. पावसाळा लागल्यावर भाऊच आत्याला जळगावला पोचवून आले. ती शिकली, शिक्षिका झाली, आपल्या मर्जीने उशिरा लग्न केलं आणि इथे जळगावातच राहिली. काकू अजून देवपूरला आहे. दोघी रोज फोनवर बोलतात, काय बोलतात ते आम्हाला कळू देत नाहीत.

आता हा सगळा प्रकार डोळ्यांपुढे ठेवून मी परवा तो सिनेमा पाहत होते. इंग्रजी मला आता कामापुरतं येतं, शिवाय खाली अक्षरं येतात. पोपट आला, नाक खाजवणारं प्रेत आलं, मोलकरीण आली. मेलेला माणूस उठून बसला. मी पुढे सरकून बसले, कारण मला नानांचं ते भाषण पुन्हा ऐकायचं होतं. नाना आता नाहीत. त्यांचा आवाज नाही तर नाही, निदान शब्द तरी भेटतील.

डिटेक्टिव्ह बोलायला लागला. तो म्हणाला, माणूस मेला असं समजून त्याच्या वाटणीचा केक मी खाल्ला, तर आता तो जिवंत आहे म्हटल्यावर ही चोरी धरायची की नाही. मग म्हणाला, दुसरा तुकडा उरला असेल तर आणा. एवढंच. मी रिमोटने मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पुन्हा केकच.

"आत्या," मी म्हणाले, "नानांनी सांगितलं ते यात नाहीच."

मी वळून पाहिलं. काळा चष्मा, पदर तोंडावर धरलेला, आणि खांदे हलत होते. अगदी तसेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"तू तेव्हा रडत नव्हतीस."

"पोपटाच्या जबानीला रडतात होय गं?" आत्या म्हणाली. "जीव गेला माझा हसू दाबताना. वहिनी पाठीवरून हात फिरवत होती, त्याने आणखीच यायचं."

"म्हणजे नाना पहिल्यापासून खोटं सांगताहेत, हे तुला कळत होतं?"

"मला वाटलं, गंमत करतोय. घरात इतकं सुतक आहे, तर जरा खेळतोय सगळ्यांशी." तिने चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हटलं होतं. डोळे लाल होते आणि ते हसण्याने की कशाने, ते मला ओळखता आलं नाही. "त्याला कसं कळलं होतं, ते त्याने मला कधी सांगितलं नाही. विचारायला धीर झाला नाही, मग राहूनच गेलं. बी.ए.चं सगळं इंग्रजी त्याच्याकडेच शिकले मी. त्या खोलीत ते आम्हा दोघांनाच येत होतं, हे त्याला माहीत होतं आणि मला माहीत होतं. पडद्यावरचा माणूस केक मागत होता. आणि नाना माझ्याकडे न बघता म्हणाला, मेलेल्यानेच उठलं पाहिजे."

तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"सगळ्यांसमोर बोलला, आणि माझ्या एकटीशी बोलला. मग काय करते. उठले."